मिड-ड्राइव्ह ई-सायकलला हब गिअर की डिरेलर? आकडे मांडून ठरवा

मिड-ड्राइव्ह मोटर पॅडलपाशी, बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस बसतो त्या नळीच्या) जागी बसते. तिची सगळी ताकद चेन आणि गिअरमधूनच मागच्या चाकाला पोचते. चढावर खालचा गिअर टाकला की मोटर तिच्या सोयीच्या वेगात फिरत राहते, कमी तापते आणि बॅटरी जास्त पुरते. चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हबमध्ये बसवलेल्या मोटरला हे जमत नाही. पण याच कारणाने चेन, दाते आणि गिअर यांच्यावर माणसाच्या पायांपेक्षा कितीतरी जास्त भार येतो, आणि तोही सतत. म्हणून मिड-ड्राइव्हसाठी गिअर निवडताना साध्या सायकलचे ठोकताळे चालत नाहीत.

गिअर दोन प्रकारचे. डिरेलर चेनला मागच्या लहान-मोठ्या दातेरी चक्रांवर (स्प्रॉकेटवर) सरकवतो. हब गिअरमध्ये सगळी चक्रं मागच्या चाकाच्या हबमध्ये बंद असतात. दोन्ही प्रकारांमधला मूळ फरक बिघाडाच्या तऱ्हेत आहे. डिरेलरची झीज डोळ्यांना दिसते, हळूहळू होते आणि स्वस्तात निस्तरता येते: चेन ताणली, दाते घासले, बदलले. हब गिअरमध्ये बाहेरून काहीच दिसत नाही. वर्षानुवर्षं तो मुकाट चालतो, पण आतला क्लच किंवा खटका तुटला की चाकच निकामी होतं. त्यामुळे हब गिअर घ्यायचा तर तो आपल्या मोटरला पुरून उरेल याची खात्री आधीच हवी. ही खात्री कागदावर करता येते.

पहिली पायरी: मागच्या दात्यांवर किती टॉर्क येतो ते काढा

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. त्याचा आकडा न्यूटन-मीटरमध्ये असतो. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स ८५ न्यूटन-मीटर देते, तर अॅक्टिव्ह लाइन ४०. साध्या सायकलला वरून लावायच्या किटमध्ये टाँगशेंग टीएसडीझेड२ आणि बाफांग बीबीएस०१ यांच्यासाठी ८० च्या आसपासचा आकडा सांगितला जातो, बीबीएसएचडीसाठी १६०. त्यात तुमच्या पायांचे ६० धरा. हा झाला क्रँकवरचा (पॅडलच्या दांड्यावरचा) टॉर्क. याला पुढच्या आणि मागच्या दात्यांच्या गुणोत्तराने भागलं की हबमध्ये शिरणारा टॉर्क मिळतो.

पुढे ४२ दाते आणि मागे २१, म्हणजे गुणोत्तर २. मोटर ८० ची असेल तर (८० + ६०) ÷ २ = ७० न्यूटन-मीटर. १६० ची असेल तर ११०.

आता हे आकडे कशाशी ताडायचे? ७५ किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर उभा राहिला तर क्रँकवर साधारण १२५ न्यूटन-मीटर येतात, म्हणजे हबमध्ये ६२. पण हा कमाल भार प्रत्येक फेऱ्यात क्षणभरच येतो आणि माणूस थोड्याच वेळात खाली बसतो. शिमानो नेक्सस किंवा स्टर्मी-आर्चरचे जुन्या घडणीचे हब याच भाराच्या हिशेबाने बनले आहेत. ४० ते ६० न्यूटन-मीटरची मोटर त्यांना चालते. ८० ची मोटर असेल तर कंट्रोलरचा (मोटरला वीज सोडणाऱ्या पेटीचा) करंट कमी करावा लागतो. १६० ची मोटर साध्या हबला लावूच नका, तो काही महिन्यांत तुटला तर नवल नाही.

इतका टॉर्क पेलू शकणारे हब मोजकेच आहेत. रोहलोफ स्पीडहबला आत शिरताना १३० न्यूटन-मीटरपर्यंतची मुभा आहे, त्यामुळे वरच्या हिशेबातले ११० त्यात बसतात. पण पूर्ण मोटर चालू असताना पॅडलवर उभं राहिलात तर (१६० + १२५) ÷ २ म्हणजे १४२ होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. शिमानोचा इंटर-५ई खास ई-सायकलसाठी बनवला आहे. त्यात पाचच गिअर आहेत, पण आतले भाग जाड आहेत. एन्व्हिओलोच्या हबमध्ये ठरावीक गिअरच नसतात. गोळ्यांचा कोन बदलून गुणोत्तर सलग बदलतं, त्यामुळे दाते तुटायचा प्रश्न येत नाही, मात्र ताकद थोडी जास्त वाया जाते आणि घरी उघडायची सोय नाही.

डिरेलरलाही हा हिशेब लागू आहे. तिथे मागे ४२ दात्यांचा मोठा स्प्रॉकेट आणि पुढेही ४२ असेल तर गुणोत्तर १ होतं आणि १४० च्या १४० न्यूटन-मीटर फ्रीहबवर (कॅसेट, म्हणजे मागच्या स्प्रॉकेटचा संच, बसतो त्या भागावर) येतात. फ्रीहबची बॉडी अॅल्युमिनियमची असेल तर सुटे स्प्रॉकेट तिच्या खाचांत रुततात, इतके की कॅसेट हाताने निघत नाही. मिड-ड्राइव्हला स्टीलची फ्रीहब बॉडीच घ्या आणि मोठे स्प्रॉकेट एकमेकांना रिव्हेट केलेले किंवा एका स्पायडरवर (सामाईक चौकटीवर) बसवलेले असतील अशी कॅसेट बघा.

दुसरी पायरी: तुमच्या रस्त्याला गिअरची किती रेंज लागते

आपल्याकडे नोंदणीशिवाय चालवायची ई-सायकल २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत असावी लागते. १००० वॉटची मोटर लावली की कायद्याच्या नजरेत ती सायकल राहत नाही. म्हणून हिशेब २५० वॉटचाच मांडू.

सायकल, स्वार आणि सामान मिळून ११० किलो धरा. १२ टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की १२ मीटर वर. असे तुकडे सिंहगडाच्या रस्त्यावर आणि सह्याद्रीतल्या काही घाटांत भेटतात. तिथे मोटरचे २५० आणि पायांचे १०० वॉट मिळून वेग ताशी ९ किलोमीटरच्या आसपास पडतो. या वेगाला पॅडल मिनिटाला ७० फेरे तरी फिरलं पाहिजे. त्याखाली गेलं की मोटर कष्टाने फिरते, तापते आणि विजेची उष्णता करत बसते.

७०० × ३८ टायरचा घेर साधारण २.१८ मीटर असतो. ४२/२१ वर शिमानो नेक्सस ८ चा पहिला गिअर (०.५२७) टाकला की पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल २.३० मीटर पुढे जाते. ७० फेऱ्यांना ताशी ९.७ किलोमीटर. घाटासाठी हे किंचित जड आहे. मागे २३ दात्यांचा स्प्रॉकेट लावला तर ८.८ वर येतं आणि चढ निघतो. पण गुणोत्तर २ वरून १.८३ वर आल्यामुळे हबमधला टॉर्क ७० वरून जवळजवळ ७७ होतो. नेक्ससला गुणोत्तर २ च्या आसपास ठेवणं ही सुरक्षित बाजू. घाट चढायला सोपा करायचा तर हबवरचा भार वाढतो, या पेचातून सुटका नाही. रोज घाट असेल तर नेक्सस नको, हे उत्तर इथेच मिळतं.

शहरात मात्र चित्र उलटं आहे. त्याच ४२/२१ वर पाचवा गिअर थेट १ चा आहे, आतली चक्रं मध्ये न येता ताकद सरळ चाकाला जाते. त्या गिअरमध्ये ताशी २० किलोमीटरला पॅडल ७६ फेऱ्यांवर असतं. म्हणजे रोजच्या प्रवासातला बहुतेक वेळ सायकल सर्वांत कमी घर्षणाच्या गिअरमध्ये असते. हा जुळून आलेला योग सोडू नका. स्प्रॉकेट निवडताना नेहमीचा वेग पाचव्या गिअरवर येईल असं बघा.

रेंज म्हणजे सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्या गिअरच्या किती टक्के ते. आकडे असे: नेक्सस ३ गती १८६ टक्के, इंटर-५ई २६३, नेक्सस ७ गती २४४, ८ गती ३०७, एन्व्हिओलो ट्रेकिंग ३८०, रोहलोफ ५२६. डिरेलरमध्ये ११–३४ कॅसेटची ३०९ आणि ११–४२ ची ३८२. कागदावर डिरेलर पुढे दिसतो, पण २५ च्या मर्यादेत ११ आणि १३ चे स्प्रॉकेट जवळजवळ कुचकामीच असतात. ४२/११ वर ताशी २५ ला पॅडल मिनिटाला ५० फेरेच फिरतं. तरीही मोटरच्या जोरावर लोक त्यातच बसून राहतात. लहान स्प्रॉकेटवर चेन जेमतेम पाच-सहा दात्यांना धरते, म्हणून तोच आधी झिजतो आणि मग चेन उड्या मारते. यावर साधा उपाय: डिरेलरचा ‘एच’ स्क्रू आत फिरवून ११ चा स्प्रॉकेट बंद करून टाका. काही गमावत नाही आणि कॅसेट जास्त टिकते.

गिअर बदलताना मोटर थांबते का?

निवडीवर सर्वांत जास्त परिणाम या प्रश्नाचा होतो आणि दुकानात तो क्वचितच विचारला जातो. पाय थांबवले तरी मोटर अर्धा-एक क्षण फिरत राहते. त्या क्षणी गिअर बदलला तर डिरेलरमध्ये चेन करकचून चढते, कधी तुटते. हबमध्ये खटका अर्धवट बसतो आणि त्यावर पूर्ण भार येतो. ‘कट्ट’ असा आवाज आला म्हणजे खटक्याच्या टोकाचा एखादा कण उडाला असं समजा.

किट लावणार असाल तर गिअर सेन्सर घ्याच. तो शिफ्टरच्या केबलवर मध्येच बसतो. केबल हलली की मोटरला क्षणभर बंद होण्याचा संदेश देतो. केबलचं बाहेरचं कव्हर कापून, दोन्ही टोकांना टोपी लावून, सेन्सर सरळ रेषेत बसवा. वळणावर बसवला तर केबल आतल्या चाकाला घासते आणि संदेश उशिरा जातो. सेन्सर नसेल तर ब्रेकचा कट-ऑफ वापरता येतो: लिव्हर जरासा दाबा, मोटर बंद होते, ब्रेक लागण्याआधीच गिअर बदला आणि सोडा. सवय व्हायला वेळ लागत नाही.

रोहलोफमध्ये सातव्या-आठव्या गिअरच्या मधला बदल नाजूक असतो, कारण तिथे आतले दोन संच एकदम बदलतात. त्या जागी भार पूर्ण काढूनच शिफ्टर फिरवा.

हब गिअरचा एक गुण इथेच सांगायला हवा. सिग्नलला उभं असताना गिअर बदलता येतो. डिरेलरवर आठव्या गिअरमध्ये थांबलात तर आठव्यातच निघावं लागतं, आणि मिड-ड्राइव्हची चेन तुटायची सर्वांत नेहमीची वेळ हीच. थ्रॉटल असेल तर आणखीच. दर अर्ध्या किलोमीटरला थांबणाऱ्या शहरी स्वाराला केवळ या एका कारणासाठी हब गिअर घ्यावासा वाटला तर तो योग्यच आहे.

तिसरी पायरी: फ्रेम मोजा

पैसे देण्याआधी टेप घेऊन बसा.

मागच्या फोर्कच्या दोन आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. नेक्सस ८ ला १३२ मिलिमीटर लागतात, शिमानोच्याच डिस्क ब्रेकच्या अल्फिन ८ ला आणि बऱ्याच जुन्या घडणीच्या डोंगरी सायकलींच्या हबला १३५. दोन-तीन मिलिमीटरचा फरक स्टीलची फ्रेम सामावून घेते. अॅल्युमिनियमची फ्रेम ताणू नका, तडकते.

अॅक्सल बसते ती खाच बघा. खाच आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते, हबसाठी हे उत्तम. खाच खाली तोंड करून उभी असेल तर चेन टेन्शनर लावावा लागतो, आणि मग डिरेलरसारखाच एक लोंबता भाग चिखलात आला. तसं असेल तर हब घेण्याचं निम्मं कारण संपतं.

जुन्या रिममध्ये हब बसवायचा तर भोकं मोजा. ३६ भोकांचा हब ३२ भोकांच्या रिमला जात नाही. हबचा व्यास मोठा असल्यामुळे जुन्या तारा लांब पडतात, नव्या घ्याव्याच लागतात.

आणि पॅडल उलटं फिरवून लागणारा ब्रेक असलेला हब किटसोबत घेऊ नका. बाफांगसारख्या मोटरमध्ये आत फ्रीव्हील असतं, उलटं पॅडल चेनपर्यंत पोचतच नाही. चालवायला निघाल्यावर मागचा ब्रेक नाही हे कळणं धोक्याचं आहे.

चेनलाइन, म्हणजे पुढची चेनरिंग आणि मागचा स्प्रॉकेट एका रेषेत असणं, सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. बाफांगवर मोटरचा फुगीर भाग चेनरिंगच्या मागे येतो. ४२ पेक्षा लहान चेनरिंग त्या फुगवट्याच्या बाहेर सरकवून बसवावी लागते, म्हणजे चेन मागच्या मोठ्या स्प्रॉकेटकडे तिरकी जाते. तपासायची रीत सोपी: मागे सर्वांत मोठा स्प्रॉकेट टाका, मागचं चाक उचला आणि मोटर बंद ठेवून पॅडल हाताने पुढे फिरवा. चेन घासत चालली किंवा घसरून खालच्या स्प्रॉकेटवर उतरली तर रेषा चुकली आहे. आत वळलेली, एक जाड-एक बारीक दात्यांची स्टीलची चेनरिंग लावून बघा. हब गिअरमध्ये मागे एकच स्प्रॉकेट असतो आणि तो बशीसारखा वळलेला मिळतो. त्याची बाजू उलटी करून रेषा काही मिलिमीटर आत-बाहेर सरकवता येते आणि नंतर ती कधीच बदलत नाही.

हब बसवताना

अॅक्सलच्या दोन्ही बाजूंना नॉन-टर्न वॉशर येतात. ते खाचेच्या कोनाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांचे असतात, आडव्या खाचेचे वॉशर उभ्या खाचेत लावले की शिफ्टरची केबल वाकडी येते. त्यांचा दात फ्रेमच्या खाचेत नीट बसला पाहिजे. हा वॉशर विसरला तर मोटरच्या जोराने अॅक्सल फिरतो आणि केबल तुटते. नट ३० ते ४५ न्यूटन-मीटरने आवळा, शक्यतो टॉर्कच्या पान्याने.

चेन ताणताना पॅडल पूर्ण फेरा फिरवत सर्वांत घट्ट जागा शोधा. त्या जागी चेन मधोमध वर-खाली साधारण १० मिलिमीटर हलली पाहिजे. घट्ट ठेवली तर मोटर आणि हब दोघांचे बेअरिंग खराब होतात.

आता गिअर जुळवणी. नेक्सस ७ किंवा ८ असेल तर शिफ्टर चारवर आणा, तिथून एकवर न्या, परत चारवर. हबवरच्या खिडकीत दोन रंगीत रेषा समोरासमोर दिसतात. त्या तंतोतंत एका ओळीत येईपर्यंत केबलचा अॅडजस्टर फिरवा. रेषा अर्ध्या मिलिमीटरने जरी चुकल्या तरी साध्या सायकलवर चालून जातं, मिड-ड्राइव्हवर जात नाही, कारण खटका अर्ध्या रुंदीवर धरतो आणि पूर्ण मोटर त्याच कडेवर ओढते. नवी केबल सुरुवातीला सैलावते, म्हणून पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा आणि नंतर महिन्याला एकदा या रेषा बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि हबचं आयुष्य त्यावर अवलंबून आहे.

मोटरचं प्रोग्रॅमिंग शक्य असेल तर स्लो-स्टार्ट सौम्य करा आणि करंटची मर्यादा खाली आणा. २५० वॉट लिहिलेल्या ३६ व्होल्टच्या किटचा कंट्रोलरही १५ अँपिअर सोडत असेल तर तो बॅटरीतून ५४० वॉट ओढतो. नेक्सससाठी १० अँपिअर पुरे. झटका गेला की निम्मे बिघाड गेले.

डिरेलर घेणार असाल तर

गिअरची संख्या वाढवू नका. मोटर असल्यावर दोन गिअरमधलं बारीक अंतर लागत नाही. ८ किंवा ९ गतीची जाड चेन ११–१२ गतीच्या बारीक चेनपेक्षा झीज जास्त सोसते, स्वस्त मिळते आणि जिल्ह्याच्या गावातही सापडते. पुढे एकच चेनरिंग. चेनची लांबी: पुढची रिंग आणि मागचा सर्वांत मोठा स्प्रॉकेट यांवरून, डिरेलर वगळून, वळसा घ्या आणि एक इंच जास्त ठेवा. वरची पुली मोठ्या स्प्रॉकेटपासून ५–६ मिलिमीटर लांब असावी. सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर आधी हँगर (डिरेलर अडकवायची फ्रेमवरची पट्टी) सरळ करून घ्या, वाकडा हँगर कितीही जुळवला तरी मोठ्या स्प्रॉकेटवरून चेन तारांत नेतो आणि मोटर तिथेच सगळं गुंडाळते.

चेन मोजायचं गेज घ्या, महिन्याला एकदा लावा. ८–९ गतीची चेन ०.७५ टक्के ताणली की बदला, ११–१२ गतीची ०.५ ला. हा आकडा पाळला तर दोन-तीन चेनला एक कॅसेट पुरते. नाही पाळला तर प्रत्येक चेनबरोबर कॅसेटही जाते.

पाऊस, पंक्चर आणि दुरुस्ती

कोकणातला तांबडा चिखल चेनला पॉलिशच्या कागदासारखा घासतो. डिरेलर असेल तर पावसाळ्यात रोज चेन पुसून दोन दिवसाआड तेल. हबच्या साध्या चेनला आठवड्याला एकदा पुरतं, आणि ती जाड चेन कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते. जाड, म्हणजे अष्टमांश इंचाची चेन बारीक स्प्रॉकेटवर चालते, उलट चालत नाही. गाडी धुण्याच्या सेंटरवर प्रेशरने हबवर पाणी मारू नका.

नेक्सस ८ ला पहिल्या १००० किलोमीटरनंतर आणि पुढे ५००० किलोमीटर किंवा दोन वर्षांनी तेलाची आंघोळ घालायची: आतला संच काढून शिमानोच्या हब ऑइलमध्ये दीड मिनिट बुडवायचा, मिनिटभर निथळू द्यायचा आणि परत बसवायचा. संच सुटा करायचा नाही. रोहलोफचं तेलही ५००० किलोमीटर किंवा वर्षाला बदलायचं.

पंक्चरला हबचं चाक काढणं कटकटीचं. शिफ्टर एकवर आणून, हबवरच्या जॉइंटच्या भोकात २ मिलिमीटरची अॅलन की घालून तो फिरवला की केबल सैल होते आणि केबलचा बोल्ट खाचेतून निघतो. मग १५ चा पाना. पण आपल्या पंक्चरवाल्यांची रीत इथे उपयोगी आहे: चाक न काढता एका बाजूने टायर उचलून ट्यूब बाहेर ओढा आणि तिथेच पॅच लावा.

हब आतून तुटला तर सुटे भाग बहुतेक वेळा बाहेरून मागवावे लागतात. म्हणून हब लावताना जुनं मागचं चाक, डिरेलर आणि चेन विकू नका, हँगरही कापू नका. दुरुस्तीच्या काळात सायकल तासाभरात पुन्हा रस्त्यावर येते. नेदरलँड्स किंवा जर्मनीत राहणाऱ्यांना ही चिंता नाही. तिथे हब गिअर घरोघरी आहे आणि सपाट प्रदेशात बेल्टवरचा हब ही रोजच्या वापराला सर्वांत सोपी जोडी आहे. मात्र बेल्ट अखंड असतो, त्यासाठी मागच्या त्रिकोणात उघडणारी फ्रेम लागते. साध्या फ्रेमवर किट लावून बेल्ट बसवता येत नाही.

पुणे, नाशिक, नागपूरसारख्या शहरात रोज १०–२० किलोमीटर, ८० न्यूटन-मीटरच्या आतली मोटर आणि आडव्या खाचेची फ्रेम असेल तर नेक्सस ८ किंवा इंटर-५ई घ्या. घाट, माल किंवा जोरदार मोटर असेल तर ८–९ गतीचा डिरेलर, स्टीलच्या फ्रीहबसह. रोहलोफ लांबच्या प्रवासाला आणि मोठ्या बजेटलाच परवडतो. यांपैकी काहीही मागवण्याआधी मागच्या फोर्कची रुंदी, रिमची भोकं आणि मोटरचा टॉर्क हे तीन आकडे दुकानदाराला लिहून पाठवा आणि त्याच्याकडून स्प्रॉकेटच्या दात्यांची संख्या लेखी घ्या.